दुसरं पारडं

मागल्या वर्षी माझ्या घरी दोनदा कॅमेरा आला. पहिल्या खेपेला आलेली पोरं म्हणाली, आम्ही वजीरसाहेबांवर माहितीपट काढतोय, त्यांना डोळ्यानं पाहिलेलं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. मी दोन तास बोललो. चहा दोनदा झाला. टीव्हीवर ते लागलं तेव्हा सगळी गल्ली आमच्या घरात बसली होती, आणि पडद्यावर मी एवढंच बोललो, "दवाखाना त्यांनीच बांधला." संपलं. चार महिन्यांनी दुसरी पोरं आली. त्यांच्यापुढंही तेच दोन तास, तेच शब्द. त्यांच्या फिल्ममध्ये मी बोललो, "आमची वाडी त्यांनीच बुडवली." संपलं. बाज तीच, सदरा तोच, थोबाडही तेच. एकीकडं मी वजीरसाहेबांचा भगत, दुसरीकडं दुश्मन. नातू म्हणाला, "आबा, तुमचं नेमकं मत काय?"

मी म्हणालो, "मत काय इचारतो? वजन इचार."

हे बोलणं माझं नाही. मापाडीचाचाचं आहे. म्हणून आता स्वतःच लिहितो. माझं शिक्षण उर्दू तिसरी, मराठी मी थेटरातल्या पाट्या वाचून शिकलो. शुद्ध-अशुद्ध ज्याला काढायचं त्यानं काढावं.

निजामाचं राज्य होतं. फिल्मा तेव्हा मुक्या होत्या. शहागंजाच्या मागं एक पत्र्याचं थेटर होतं आणि मी त्यात मशीन चालवायचो. मशीन म्हणजे हातानं हँडल फिरवायचं. हात थांबला की पडद्यावरचा राजा मध्येच एक पाय उचलून उभा. पडद्यावर मधूनमधून अक्षरांच्या पाट्या यायच्या, पण वाचता येणारे किती? म्हणून पडद्याच्या बाजूला एक सांगणारा उभा असायचा. आमचा सांगणारा मापाडीचाचा.

सकाळी तो मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती तोलायचा आणि तीनच्या खेळाला थेटरात यायचा. मालकानं त्याला आवाजासाठी धरलं होतं. चार दुकानं ओलांडून ऐकू जायचा. मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मुसलमान आडत्यांकडं 'बरकत' म्हणतात. चाचा दोन्ही म्हणायचा, एकामागं एक. "लाभ, बरकत, दोन, तीन." नवा शेतकरी घाबरायचा, की यानं पहिलंच पोतं दोनदा मोजलं.

उंच माणूस, पांढरी टोपी, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. मोंढ्यात चेष्टा चालायची, "चाचा, सगळ्याचा काटा सरळ करतो आन तुझाच वाकडा." तो म्हणायचा, "हौ मियाँ, खुदा ने मेरे को कच्च्या काट्यावर तोला." पान खाल्लं तर अर्धं डाव्या गालात, अर्धं उजव्या. भाकरीचे दोन तुकडे करून एक मिठाबरोबर, एक चटणीबरोबर. माझ्या बायकोनं एकदा त्याला वांग्याचं भरीत वाढलं. खाऊन म्हणाला, "बेटी, भरीत लाजवाब." ती खुश होऊन वळली, तेवढ्यात, "मीठ जादा." मी रागानं बघितलं तर मलाच म्हणाला, "काय बघतो? दुसरं पारडं रिकामं सोडू?"

सोयरीक ठरवताना लोक त्याच्याकडं मुलाची चौकशी करायला यायचे. मुलगा शिकलेला आहे, सांगायचा. मुलगा रागीट आहे, तेही सांगायचा. निम्म्या सोयरिकी मोडायच्या. पण ज्या त्याच्या तोंडून पार पडल्या त्या टिकल्या, हे मोंढ्यात सगळे मानायचे आणि तरी शिव्या द्यायचे.

एक मोठे आडते वारले. तेराव्याला सगळे बोलले, शेठजी देवमाणूस. चाचा उठला. "शेठजींनी दोन विहिरी बांधल्या, वाटसरू पाणी पितात. आन शेठजींचं धान्य घ्यायचं माप येगळं होतं, द्यायचं येगळं." शेठजींची मुलं अंगावर धावली. आतून शेठजींची म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "बसू द्या रे त्याला. आज पहिल्यांदा माझ्या मालकाबद्दल कुणीतरी वळखीचं बोललं."

थेटरातही त्याचं तेच. पौराणिक फिल्ममध्ये राक्षस आला की पाच वाक्यं वाईट, पाच चांगली. बोटांवर मोजून. "याचं शरीर बघा, व्यायाम किती असंल." राजाबद्दलही पाच-पाच. राजा नुसता फुलाचा वास घेत असला तरी पाच दोष काढायचा. "बागेत फिरतोय, कारभार कोण बघतोय?" लोक फिल्मसाठी कमी आणि त्याच्यासाठी जास्त यायचे. उर्दूवाल्या बाकांकडं तोंड करून "अब दूसरा पल्ला" आणि आमच्याकडं वळून "आता दुसरं पारडं" असं तो म्हणाला की सगळं थेटर सावरून बसायचं.

मग ती फिल्म आली.

वजीरसाहेबांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या जातीचे, नात्याचे लोक आहेत अजून. दरबारात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी शहरात दवाखाना बांधला. करमाडच्या पलीकडं तळं बांधलं, त्याच्या पाटानं कितीक गावं भिजली. सभा भरवली म्हणून दोन मास्तर तुरुंगात घातले, तेही त्यांनीच. आणि ते तळं भरलं तेव्हा त्याच्या पोटात एक वाडी गेली. ती आमची वाडी. जमिनीबदली जमीन देऊ असं दवंडीत सांगितलं होतं. आम्ही चार अर्ज केले. चारही परत आले, की सदर वाडी दप्तरात सापडत नाही. पाण्याखालची वाडी दप्तरात कशी सापडंल?

मी, बायको, पोरगा आणि माझी विधवा आत्या उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहायला आलो. जमिनीचा धनी मशीनवाला झाला. वजीरसाहेबांचं नाव निघालं की मी थुंकायचो.

वजीरसाहेबांच्या कामगिरीवर दोन रिळांची फिल्म सरकारी खर्चानं निघाली आणि हुकूम आला, महिनाभर रोज तीनच्या खेळाला मुख्य फिल्मच्या आधी ही दाखवायची. वजीरसाहेब फीत कापतायत, वजीरसाहेब तळ्याच्या भिंतीवर उभे, वजीरसाहेब दवाखान्यात आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवतायत. आमच्या वाडीचा त्यात मागमूस नाही. नुसतं चकचकीत पाणी. आणि ते पाणी रोज माझ्याच हातानं हलायचं.

पहिल्या दिवसापासून चाचाचा नेम तोच. पाच चांगली, पाच वाईट. खेळ संपल्यावर मी त्याला गाठलं.

"चाचा, तुला त्याच्याबद्दल चांगलं बोलवतं कसं?"

"मेरे को कुछ नहीं बोलवता. पारडं बोलतं."

"पारडं गेलं चुलीत. त्यानं माझं घर बुडवलं."

"हौ. आन तुझ्या पोराच्या घशात पडदा आला होता तेव्हा कुणाच्या दवाखान्यात नेला?"

मी त्याचा सदरा धरला. ही गोष्ट खरी होती. घटसर्पानं पोरगा निळा पडला होता आणि त्याच दवाखान्यातल्या सुईनं वाचला होता. "पुन्हा ते तोंडातून काढू नको," मी म्हणालो. "माझ्या पोराचा जीव त्याच्या पारड्यात टाकायचा नाही." चाचानं माझा हात हळूच सोडवला आणि सदऱ्याची चुरगळ नीट केली, दोन्ही बाजूंनी सारखी.

दुसऱ्या आठवड्यात आत्या फिल्म बघायला आली. बायकांसाठी बाजूला कापडाचा आडपडदा होता, त्यामागं त्या बसायच्या. तळ्याचं चित्र आलं. चाचानं पाच चांगली सांगितली, पाट, ऊस, जनावरांना पाणी. मग दुसरं पारडं. वाडी बुडाली, हे पहिलं. मग पाच भरायचे म्हणून पुढं, डास वाढले, रस्ता लांब पडला, भिंतीचा चुना पिवळा पडला, मासे महाग झाले.

खेळ सुटल्यावर आत्या दारात त्याची वाट अडवून उभी राहिली. "दादा, तू मापाडी ना?"

"हौ, आक्का."

"मग तू तोलत न्हाईस. तू वाटतोस. लेकरांना खाऊ वाटावा तसं, याला पाच, त्याला पाच. माझी वाडी आन पिवळा चुना एका बोटावर मोजला तू. मोंढ्यात असं केलं असतंस तर तुझ्या पाठीत काटा घातला असता लोकांनी."

मी तिथंच होतो. चाचा आपल्या हाताच्या बोटांकडं बघत राहिला. पान थुंकायला विसरला.

दोन दिवस थेटरात आला नाही. मोंढ्यात गेलो तर पोती सोडून बसलेला. म्हणाला, "तीस बरस तोलतोय. एका पारड्यात ज्वारी, दुसऱ्यात वजन, मग काटा जिकडं जाईल तिकडं जाऊ द्यायचा. आन पडद्यापाशी मी काय करत होतो? काटा हातानं धरून बसलो होतो, मध्येच राहावा म्हणून. लोक म्हणत होते, चाचा किती इन्साफचा. खाक इन्साफ." मग उठला आणि म्हणाला, "तुझी आत्या उस्ताद है."

तिसऱ्या दिवसापासून बोटं मोजणं बंद. फीत कापताना "इथं वजन नाही," एवढंच. तळं आलं की पाटाच्या गावांची नावं एकेक घ्यायचा, आणि मग आमच्या वाडीचं नाव, तिथली घरं, आत्याला विचारून घेतलेली. कुणाच्या दारात लिंब होता, कुणाची विहीर गोड. लोक रोज तीच फिल्म बघायला यायला लागले. करमाडकडचे शेतकरी यायचे, छावणीतले शिपाई यायचे. पाटाचं पाणी मिळालेला एकजण एकदा खालून म्हणाला, "चाचा, आमच्या गावचं नाव राहिलं, आम्हालाबी पाणी आलं." चाचानं त्याला सलाम केला आणि दुसऱ्या दिवशी ते नाव घातलं.

कुणीतरी वर कळवलंच. पोलिसांचा अमीन आला आणि चाचाकडून मुचलका लिहून घेतला, की थेटरात तोंड उघडणार नाही. मोडला तर थेटराचा परवाना रद्द. त्याबरोबर हेही कळलं की महिन्याच्या शेवटच्या दिवशी खुद्द वजीरसाहेब फिल्म बघायला येणार.

त्या दिवशी थेटरात मुंगीला जागा नव्हती. माझ्या खिडकीशेजारी उंचावर वजीरसाहेबांसाठी मखमलीच्या खुर्च्या. चाचा खाली अगदी पुढच्या रांगेत, तिकीट काढून, तोंड मिटून बसलेला. अमीन त्याच्यावर नजर ठेवून भिंतीला टेकलेला. मालक माझ्या मशीनच्या खोलीत येऊन म्हणाला, "आज काही गडबड झाली तर आपल्या दोघांची चूल बंद." मी म्हणालो, "माझी एक चूल पाण्यात हाय, दुसरी बंद करून बघा." असं बोललो खरं, पण हँडलवर हात घामानं सरकत होता.

फिल्म सुरू झाली. एवढी माणसं आणि नुसता मशीनचा खडखडाट. फीत कापली, कारकुनांनी टाळ्या वाजवल्या. मग तळं आलं. पाणी चकचकलं.

बायकांच्या पडद्यामागून आवाज आला. आत्याचा. "या पाण्याखाली माझी चूल हाय."

मग खालच्या रांगांतून कुणी म्हणालं, "आता दुसरं पारडं." उर्दूवाल्या बाकांवरून दुसरा म्हणाला, "अब दूसरा पल्ला." आणि सगळं थेटर बोलायला लागलं. रोज ऐकून पाठ झालेलं. आमच्या वाडीचं नाव, लिंबाचं घर, गोड विहीर, चार अर्ज. मग त्यात दोन मास्तर आले, मग कुणाचा जावई, मग कुणाची म्हैस, आणि मग नुसत्या शिव्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी मशीन जोरात फिरवत होतो. अमीन शिपायांना हात करत होता.

तेवढ्यात पडद्याच्या उजेडात चाचा उभा राहिला.

तोंड मिटलेलं. त्यानं दोन्ही हात काट्यासारखे पसरले. एक हात खाली गेला, इतका खाली की तळवा जमिनीला टेकला. दुसरा वर, रिकामा, उघडा. आणि तसाच वाकडा उभा राहून तो माझ्या खोलीच्या खिडकीकडं बघत होता. मुचलक्यात तोंड लिहिलं होतं, हात कुणी लिहिले नव्हते.

पडद्यावर दवाखाना आला.

मला कळलं तो काय मागतोय. मनात म्हणालो, नाय देणार. दुसऱ्या कुणाकडं माग. पण त्या चित्रात ओळीनं खाटा होत्या आणि तिसऱ्या खाटेपाशी मी तीन रात्री उभा होतो. चाचा तसाच हात पसरून वाकलेला, म्हातारा माणूस, किती वेळ धरंल. शिपाई रांगांत शिरले होते. मला हेही दिसत होतं की वर मखमलीच्या खुर्चीत वजीरसाहेब हसतायत. शिव्या ऐकून मोठा माणूस हसतो. शिव्या देणाराला दुश्मन म्हणता येतं, आणि दुश्मनाचा अर्ज कोण वाचतं?

हात न थांबवता मी खिडकीला तोंड लावलं आणि ओरडलो, "पहिलं पारडं. याच दवाखान्यात माझा पोरगा मरता मरता वाचला. हे खोटं म्हणंल तो खोटा."

सगळ्या माना खिडकीकडं वळल्या. मी वजीरसाहेबांना शिव्या घालतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"आन त्याच पोराचं घर त्या तळ्याखाली हाय. हेबी खोटं म्हणंल तो खोटा."

चाचाचा रिकामा हात हळूहळू खाली आला. अगदी समान नाही झाला, वाडीचा हात जडच राहिला. पण काटा हलायला लागला. मग पाटाच्या गावांतले लोक उठून आपापल्या गावाची नावं घेऊ लागले. एक म्हातारा मुसलमान विणकर म्हणाला, त्याचे डोळे तिथंच बरे झाले. दुसरा म्हणाला, माझा भाऊ मास्तर, अजून आत आहे. कुणी कुणाला दाबलं नाही. चाचाचे हात वर-खाली होत राहिले, शिपाई उभ्या जागी ऐकत राहिले, आणि फिल्म संपेपर्यंत वजीरसाहेबांचं हसू संपलं होतं.

दिवे लागले. ते खुर्चीतून उठले, जिना उतरून थेट चाचापुढं आले. अमीनला विचारलं, "ये आदमी बोला?"

"नहीं हुजूर. सिर्फ खडा था."

"मियाँ, काटा किधर झुका?"

चाचानं अमीनकडं बोट दाखवलं, मग आपल्या ओठांकडं. अमीन लाल झाला. म्हणाला, "बोलो, बोलो, इजाजत है."

"हुजूर, मापाडी फक्त तोलतो. झुकलं ते तुम्हीबी बघितलं." मग म्हणाला, "एका पारड्यात पडलं ते आता निघत नाही. पण दुसऱ्यात अजून टाकता येतं. मोंढा अजून उघडा है."

वजीरसाहेबांनी बायकांच्या पडद्याकडं बघितलं. "वो चूलवाली बीबी कौन है?"

आत्या पडदा सारून बाहेर आली. पदर सारखा करून म्हणाली, "मीच. अर्ज चार येळा केला, पाचवा तोंडी ऐका." आणि तिनं ऐकवला. एका दमात, एकाही शिवीशिवाय.

त्या उन्हाळ्यात पाटाच्या शेपटाकडं आम्हाला जमीन मिळाली. निम्म्यात मुरूम निघाला, हेही लिहितो. मास्तर पुढं कधीतरी सुटले, पण वजीरसाहेबांच्या हातून नव्हे. पण त्या फिल्मची नवी प्रत आली तेव्हा तळ्याच्या चित्राआधी एक पाटी होती, तिच्यावर आमच्या वाडीचं नाव, उर्दूत आणि मराठीत. तेवढ्या पाटीला मी हँडल हळू फिरवायचो. फार हळू फिरवलं तर फिल्म पेट घेते, मालक बोंबलायचा. मी फिरवायचो तसाच. हळू वाचणारालाही ते नाव पुरं वाचता आलं पाहिजे.

चाचा पुन्हा पडद्यापाशी उभा राहिला, पुढं बोलत्या फिल्मा येईपर्यंत.

जमिनीतली पहिली ज्वारी आम्ही मोंढ्यात आणली तेव्हा तोलायला चाचाच होता. आत्या गाडीवर बसलेली, माझा पोरगा तिच्या मांडीवर. पहिलं पोतं काट्याला लागलं. चाचानं डोळे मिटले, आणि चार दुकानं ओलांडून ऐकू जाईल असा म्हणाला, "लाभ. बरकत."

मग वजनातून रिकाम्या पोत्याचा, म्हणजे बारदानाचा, एक शेर वजा केला.

मी म्हणालो, "चाचा, आज तरी."

"आज तरी काय? बारदान ते बारदान. तुझे दाणे तुझे."

सगळा मोंढा हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

कॅमेरेवाल्या पोरांनो, तुम्हाला कापायचंच असंल तर बारदान कापा. दाण्याला हात लावायचा नाय.